लॉग 7: भन्सार (म्हणजे गाडीचं नेपाळी कस्टम) झालं एकदाचं!

मंडळी, नेपाळमधल्या भैरहवातून लिहितोय. म्हणजे दाद्या, बंड्या आणि मी सीमा ओलांडली, तिन्ही दुचाकी गाड्यांसकट. यातलं 'गाड्यांसकट' जमायला दोन दिवस गेले.

पाडव्याला ओवाळून घेऊन डोंबिवलीहून निघालो, ते नाशिक, धुळे, इंदूर, झाशी करत चौथ्या दिवशी संध्याकाळी सीमेवरच्या सोनौलीत. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उल्हासनगरला शिवून घेतलेल्या टेल बॅगांनी मात्र मान राखली. बंजी कॉर्डवर पुन्हा पैसे घालू नका, साधा रॅचेटचा पट्टा घ्या.

सोनौलीला ट्रकांची रांग कडेने कापत कमानीखालून पलीकडे गेलो. आपले पावणेसात वाजले होते, तिकडे सात. ही पंधरा मिनिटं सगळ्यांना पाठ असतात आणि ऐन वेळी कुणालाच आठवत नाहीत. तरी कस्टमच्या खिडकीवरचे दाजू (नेपाळीत थोरला भाऊ) थांबले. माझे कागद ठीक, दाद्याचे ठीक. बंड्याने मोबाईल पुढे केला. डिजिलॉकर!

मागच्या लॉगमधल्या यादीत 'आरसी, मूळ' असं मी लिहिलं होतं, एवढंच नम्रपणे नमूद करतो. बंड्याचं म्हणणं, आपल्याकडे पोलीस मोबाईलवर बघतात की. बघतात, आपल्याकडे. दाजूंनी मोबाईल हातातसुद्धा घेतला नाही. "कार्ड ल्याउनुस्", कार्ड आणा, म्हणाले आणि पुढच्याचे कागद घेतले. बाहेर एक दलाल चिकटला, 'हो जाएगा सर' म्हणत. त्याच्या नादी लागलो नाही. पुढे चौकीवर अडवलं तर तो थोडाच येणार होता!

कार्ड डोंबिवलीत, बंड्याच्या कपाटात. कुरिअरवाल्याने पाच दिवस सांगितले, तेही 'दिवाळीचं बघा' असं म्हणत. बंड्या परत जायच्या गोष्टी करायला लागला. आणि मग त्याच्या भावाचा फोन. त्यांच्या किचनचं फर्निचर करणारा सुतार गोरखपूरजवळच्या देवरियाचा. छठला गावी निघालेला, त्याच रात्री, कुशीनगर एक्स्प्रेसने! भावाने स्कूटर काढली, कल्याणला फलाटावर छठच्या गर्दीत त्याला शोधलं आणि जनरलच्या खिडकीतून कार्ड आत दिलं. रात्री बारा वाजता फोटो आला: खिडकीच्या गजांमधून बाहेर आलेला हात, त्यात कार्ड. इतकं बारीक बघितलेलं आरसी कार्ड माझ्या आयुष्यात दुसरं नाही.

मधला दिवस रिकामा. गाड्या सोनौलीत लॉजवर ठेवल्या आणि पायीच पलीकडे गेलो, तिथून बसने लुंबिनी. आपल्याला व्हिसा लागत नाही, अडते ती गाडी. अशोकाचा स्तंभ बघितला, मायादेवी मंदिर बघितलं, आणि बंड्याने एकदाही तोंड उघडलं नाही. ऐकून सुख वाटलं.

सात तारखेला पहाटे दाद्या आणि बंड्या एका गाडीवर गोरखपूरला. जवळजवळ शंभर किलोमीटर. तिथला फलाट एके काळी जगात सगळ्यात लांब होता, आता हुबळीचा. तरी गोरखपूरचा 1,366 मीटर, आणि त्यात एक सुतार शोधायचा. सापडला! शर्टाच्या आतल्या खिशात कार्ड, खिशाला वरून सेफ्टी पिन. चहाला थांबला नाही. घरात उपवास, संध्याकाळच्या अर्घ्याच्या आत पोचायचं होतं.

दुपारी भन्सार वीस मिनिटांत. पैसे दिवसाच्या हिशोबाने, म्हणून दोन दिवस जास्तीचे घेतले. मुदत उलटली की दंड. शंभरच्या नोटांची पुडकी आणली होती ती कामी आली, पाचशेची तेव्हा, 2024 मध्ये, तिकडे चालत नव्हती. एक भारतीय म्हणजे 1.60 नेपाळी, हिशोब सोपा.

गंमत पावतीवर. तारीख त्यांच्या विक्रम संवताची, 2081 कार्तिक 22. आपल्या कॅलेंडरवर कार्तिक शुद्ध षष्ठी. महिना तोच, पण त्यांचा सौर, आपला चांद्र. परतीची तारीख काढायला दाद्याने तीनदा बोटं मोजली आणि तीन उत्तरं आली. शेवटी दाजूंनीच पावतीमागे पेनने इंग्रजी तारीख लिहून दिली. तुम्हीही लिहून घ्या.

आता प्लॅन. दोन दिवस गेले, म्हणून काठमांडू कापायचं ठरलं होतं आणि पोखऱ्यात आराम. पण हे लिहिता लिहिता कॅलेंडर उघडलंच आहे तर दिसतंय, 12 तारखेला कार्तिकी एकादशी. आई तुळशीच्या लग्नाला जो शाळीग्राम मांडते, तो इथल्याच काली गंडकी नदीतला. एकादशीला मुक्तिनाथ, वर डोंगरातलं विष्णूचं देऊळ! तानसेन, पोखरा, बेनी, जोमसोम, वर. मग आराम रद्द. दाद्याला अजून सांगितलेलं नाही, तो झोपलाय. जोमसोमच्या खोऱ्यात दुपारनंतर वारा गाडी ढकलतो, तेव्हा तो टप्पा सकाळी लवकर. बुटवलपुढे सिद्धबाबाला दरडी, तिथेही उजेडातच.

बंड्याची चेन सैल वाजतेय, उद्या निघायच्या आधी ताणायची. कार्ड सध्या माझ्याकडे आहे. मागतोय, देत नाही.