तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या हायब्रिडची बॅटरी आणि पडलेलं अ‍ॅव्हरेज

"हायब्रिड गाडी जुनी झाली, अ‍ॅव्हरेज पडलं, डॅशबोर्डवर दिवे लागलेत. बॅटरी गेली म्हणायची काय?" हा प्रश्न मला बेळगावात खानापूर रोडवरच्या माझ्या दुकानात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि चंदगड-निपाणीकडची मंडळी फोनवर विचारतात, बहुतेक वेळा गाडीचं नावसुद्धा न सांगता. माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे, त्यामुळे विचारणारे हक्कानं विचारतात. तुम्हीही विचारलंत, तर सांगतो. गाडी ओढायला मदत करणाऱ्या मोठ्या बॅटरीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. तिच्याआधी तपासायच्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्या स्वस्त आहेत.

त्याआधी माझा एक उलटा प्रश्न असतो: तुमची हायब्रिड कुठल्या जातीची? कारण मागच्या दारावर 'हायब्रिड' लिहिलेलं असलं तरी आत वेगवेगळा माल असतो. काही स्कॉर्पिओंवर 'मायक्रो हायब्रिड' लिहिलेलं होतं. त्यात सिग्नलला इंजिन बंद होणं आणि क्लच दाबला की पुन्हा सुरू होणं, मुख्य काम एवढंच. मारुतीच्या एस-क्रॉसच्या डिझेलला २०१७ साली एसएचव्हीएस आलं, म्हणजे सुझुकीची माइल्ड हायब्रिड व्यवस्था. त्यात पट्ट्यावर फिरणारं एकच यंत्र सेल्फचंही काम करतं, डायनामोचंही, आणि उचल घेताना इंजिनाला थोडा हात देतं. २०२० च्या पेट्रोल ऑटोमॅटिक एस-क्रॉसमध्ये तर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, बॉनेटखाली नेहमीची आणि आत सीटखाली लिथियमची. या गाड्या निव्वळ विजेवर चालत नाहीत. काही अंतर निव्वळ विजेवर चालू शकते ती स्ट्राँग हायब्रिड: २०१७ साली भारतात आलेल्या लेक्सस, २०२२ च्या ग्रँड विटारा आणि हायरायडर, आणि आमच्याच राज्यात बिडदीला तयार होणारी इनोव्हा हायक्रॉस. पहिल्या दोन जातींत 'मोठी बॅटरी' नावाची वस्तूच नाही. तरीही "दोन-तीन लाखांचा खर्च सांगितलाय हो" म्हणत धास्तावलेले लोक येतात. ज्यानं सांगितला त्यानं गाडी बघितली होती की नाही, कोण जाणे.

मायक्रो आणि माइल्ड गाड्यांचं दुखणं बहुतेक वेळा बॅटरी बदलतानाच सुरू होतं. सारखं बंद-चालू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते, दिवसातून कितीतरी वेळा सेल्फ मारण्यासाठी बनवलेली. दुकानदार साइज बघतो, टर्मिनल डावीकडे की उजवीकडे ते बघतो आणि साधी बसवून देतो. गाडी सेल्फ मारते, म्हणून दोघंही खूश. काही दिवसांनी सिग्नलला इंजिन बंद होईनासं होतं, मग अ‍ॅव्हरेज उतरतं, आणि साधी बॅटरीही लवकर बसते. दुसरी एक गोष्ट मी हमखास बघतो: बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बसवलेला छोटा सेन्सर. किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला याचा हिशेब तो ठेवतो. म्युझिकवाला अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंग थेट त्या खांबावर आवळतो, आणि तो करंट सेन्सरला चुकवून जातो. हिशेब चुकतो, आणि बॅटरी कमी आहे की भरलेली याबद्दल गाडीचा अंदाज फसतो. ती वायर काढून बॉडीला जोडायची, काम झालं. पण एसी जोरात चालू असताना किंवा इंजिन थंड असताना सिग्नलला गाडी बंद झाली नाही, तर तो बिघाड नव्हे. तशी सोय मुद्दाम केलेली असते.

आता स्ट्राँग हायब्रिड. हिच्यात मोठी बॅटरी दोनशे व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून वर, आणि शिवाय एक साधी १२ व्होल्टची. घर कर्त्याच्या नावावर असावं आणि किल्ली धाकट्याच्या खिशात, असा हा कारभार आहे. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, ही छोटी बॅटरी ओढते, संगणकही तीच जागे करते. छोटी मेली की मोठी कितीही भरलेली असू दे, गाडी निघायला तयार असल्याचा 'रेडी'चा दिवा लागत नाही. वर व्होल्टेज पडलं की संगणक भलभलते इशारे देतात: ब्रेक, स्टेअरिंग, हायब्रिड सिस्टिम, सगळं एकदम. माणूस घाबरणारच.

आमच्या भागात घरटी एखादा माणूस पलटणीत असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच बेळगावात आहे. पोरगं हौसेनं गाडी घेतं, सुट्टी संपली की पोस्टिंगवर जातं आणि गाडी शेडमध्ये वडिलांच्या ताब्यात. अशाच एका गावाकडच्या मामांनी मला बोलावून नेलं. म्हणाले, "मिस्त्री, दर रविवारी चालू करतोय की! दिवे लागतात, गाणी वाजतात. इंजिनचा आवाज नसतोय, पण हायब्रिड हाय म्हणून नसंल, असं वाटलं." मामा ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबत होते. तसं दाबलं की गाडी फक्त अ‍ॅक्सेसरीवर येते. म्हणजे दर रविवारी ते बॅटरी भरत नव्हते, भक्तिगीतं ऐकत ती उतरवत होते. ब्रेक दाबून बटण दाबायचं, 'रेडी' दिसलं पाहिजे, आणि तसंच अर्धा तास ठेवायचं. आठवड्यातून एकदा पुरे.

त्याच घरात गाडीची स्मार्ट चावी शेडला लागून असलेल्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेली. चावी इतकी जवळ असली की गाडी आणि चावी एकमेकींशी बोलत बसतात आणि त्याला करंट लागतो. त्यात डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर. समजा सगळं मिळून ५० मिलिअ‍ॅम्पिअर खातंय. दिवसाला १.२ अ‍ॅम्पिअर-तास, महिन्याला ३६. छोट्या बॅटरीत बहुधा ४५ च्या आसपासच असतात. हिशेब तुम्हीच करा.

मीटर तुमच्याकडे असेल तर घरीच बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर, १२ च्या खाली म्हणजे उतरली. 'रेडी' केल्यावर तेच १४ च्या आसपास चढलं पाहिजे. चढलं नाही, तर दोष बॅटरीत नसून मोठीकडून छोटीला चार्ज देणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये किंवा त्याच्या फ्यूजमध्ये शोधायचा. काही गाड्यांत ही बॅटरी डिकीत असते आणि डिकीचं कुलूप विजेचं. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही. कंपनीनं त्यासाठी बॉनेटखाली फ्यूज बॉक्समध्ये लाल टोपीचं टर्मिनल दिलेलं असतं, जम्पर तिथं लावायचा. उलटा लावलात तर कन्व्हर्टरचा खर्च बॅटरीच्या कितीतरी पट येईल. आणि आपल्या हायब्रिडवरून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला जम्पर देऊ नका. माणुसकी दुसऱ्या मार्गानं दाखवा.

छोटी ठणठणीत निघाली की मी हवेच्या वाटेकडे वळतो. मोठी बॅटरी बऱ्याच गाड्यांत केबिनच्या हवेनं थंड होते. त्यासाठी मागच्या सीटच्या बाजूला किंवा सीटखाली एक जाळी असते, आत पंखा, काही गाड्यांत फिल्टरही. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड सुरू झाली की चिकोडी-अथणीकडच्या रस्त्यांवर जी धूळ उडते ती या जाळीत जाते. त्यात आपली सवय: सीट पाडून गुळाच्या ढेपा, काजूची पोती, पाहुण्यांच्या पिशव्या, सगळं त्या जाळीला टेकवून. बॅटरी तापली की संगणक तिचं घेणं आणि देणं दोन्ही कमी करतो, इंजिन जास्त वेळ चालतं आणि अ‍ॅव्हरेज पडतं. मागून पंख्याचा मोठा आवाज येऊ लागला तर आधी इथं बघा. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमनं साफ करायचं. कॉम्प्रेसरची हवा आत मारली तर धूळ थेट सेलवर जाऊन बसते.

मोठी बॅटरी खरंच जाते तेव्हा काय होतं? स्क्रीनवरच्या चार्ज दाखवणाऱ्या कांड्या काही मिनिटांत भरभर चढतात आणि तशाच उतरतात. उभ्या गाडीतही इंजिन सारखं चालू होतं. टोयोटा घराण्यातल्या जुन्या बॅटऱ्या निकेल-मेटल हायड्राइडच्या: एक सेल १.२ व्होल्टचा, असे कितीतरी एकामागोमाग जोडून लेक्सस आरएक्स ४५० एचमध्ये २८८ व्होल्ट होतात. साखळीतला एक गट अशक्त झाला की सगळी साखळी त्याच्या चालीनं चालते. स्कॅनर लावून प्रत्येक गटाचं व्होल्टेज बघायचं, आणि तेही गाडी उभी करून नाही, तर जोर घेताना आणि ब्रेक मारताना. उभ्या गाडीत सगळे सारखेच दिसतात. जोर घेतला की एकच गट खाली कोसळतो, तो दोषी. पण सगळेच आकडे थोडे थोडे वेडेवाकडे असतील तर कधी कधी सेल चांगले असतात आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढलेला असतो. गोव्यात, कोकणात वापरलेली गाडी घेतलीत तर हे डोक्यात ठेवा.

एकच मॉड्यूल, म्हणजे सेलचा एकच गट, बदलून देणारे आहेत. माझं मत विचाराल तर ती मलमपट्टी आहे. जुन्यांच्या रांगेत नवा बसवला की त्याची ताकद आणि इतरांची ताकद जुळत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसरा जातो. २०२२ नंतरच्या ग्रँड विटारा, हायरायडर आणि हायक्रॉसना बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. ती असताना बाहेर कुणाला हात लावू देऊ नका, मलाही नाही.

आता अ‍ॅव्हरेज. लोक ते चुकीचं मोजतात, आणि त्याला आमचा भूगोल कारण आहे. गोव्यात पेट्रोल स्वस्त, म्हणून तिकडं गेलं की टाकी फुल करायची रीत. बेळगावात टाकी भरून चोर्ला घाट उतरलात आणि गोव्यातल्या साखळी गावात पुन्हा भरली, की मीटर असा आकडा दाखवतो की माणूस फोटो काढून गावभर पाठवतो. येताना तोच घाट चढला की "बॅटरी गेली" म्हणून मला फोन. खरा आकडा जाऊन-येऊन एकाच पंपावर, त्याच नोझलला पहिला कट बसेपर्यंत भरूनच निघतो.

उतारावर सगळी ऊर्जा बॅटरीत साठते, असाही समज आहे. माणसांसकट १४०० किलोची गाडी ७०० मीटर खाली आणली तर साधारण २.७ युनिट ऊर्जा मोकळी होते. हायरायडरची अख्खी बॅटरी ०.७६ युनिटची, आणि संगणक तीही पूर्ण वापरू देत नाही. म्हणजे अर्धा घाट उतरायच्या आत ती भरते. मग गाडी इंजिनावर ब्रेक लावते आणि आवाज वाढतो. तो आवाज ऐकूनही लोक गाडी दाखवायला आणतात.

हायवेचंही तसंच. स्ट्राँग हायब्रिडची कमाई गावातल्या थांब-चाल रहदारीत असते. कोल्हापूरपर्यंत ११० नं गेलात तर हवेचा रेटाच एवढा असतो की बॅटरीला काही करायला वाव उरत नाही. खानापूरला रोज जाऊन-येऊन करणाऱ्या आणि फक्त गावात भाजी आणणाऱ्या दोन सारख्या गाड्यांची तुलना तर करूच नका. गावातल्या गाडीचं इंजिन तापायच्या आत घर येतं.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचाही वाटा आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरलेली होती. वीसचं अ‍ॅव्हरेज साडेअठरा-पावणेएकोणीस झालं तर ते यातच आलं. तक्रार तरी कुणाकडे करणार? इथेनॉल आमच्याच उसाचं, आणि तक्रार करणाऱ्याचं बिलही त्याच कारखान्याकडून यायचं असतं.

एवढं सगळं वजा करून अ‍ॅव्हरेज कमी निघालं तर टायरची हवा, रुंद टायर बसवलेत का, चाक उचलून हातानं फिरतंय की ब्रेक धरतोय, इंजिन ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं आहे का, हे बघतो. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असेल तर इंजिन हव्या त्या तापमानाला येत नाही आणि हायब्रिड ते बंदच करत नाही. डिसेंबरच्या गारठ्यात हा दोष जास्त उघडा पडतो.

मोठ्या बॅटरीच्या, उच्च दाबाच्या नारंगी केबलपलीकडचं काम मी घेत नाही. बॅटरीचा करंट डीसी आहे, जीव घेण्याइतका आहे, आणि मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं चार्ज राहतो. उच्च दाबाचे हातमोजे आणि प्रशिक्षण ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे मी गाडी पाठवतो. पाठवताना मालकाला एक चिठ्ठी देतो: मोठ्या बॅटरीचा पॅक उघडायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळचे प्रत्येक गटाचे व्होल्टेज छापून मागा. द्यायला कुरकुर करू लागले तर गाडी तशीच परत आणा, दुसरीकडे दाखवू.