रेनी नदीच्या तोंडाशी, बाबांच्या बोटावर दोरी

"लागलाय," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या रॉडच्या टोकाकडे पाहिलं. टोक हललेलं नव्हतं. गाईडनेही पाहिलं आणि मान हलवली, काही नाही. बाबांनी मात्र मनगट हलकेच वर उचललं आणि रॉड अर्ध्यातून वाकला.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. मिनेसोटाच्या अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सीमेवर, बॉडेट नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या अंगाने रेनी नदी वाहते आणि पुढे लेक ऑफ द वुड्स या अवाढव्य सरोवराला मिळते. चौदा हजारांहून जास्त बेटं असलेलं हे सरोवर. गावात शिरल्याशिरल्या वॉलआय जातीच्या माशाचा चाळीस फुटी पुतळा उभा आहे, विली वॉलआय नावाचा, 1959 सालापासून. मिनेसोटाने 1965 साली वॉलआयला राज्य मासा केलं. मिनिआपोलिसहून आम्ही सकाळी निघालो. बमिजीला थांबलो, जेवलो, मग हायवे 72 वर मैलोन् मैल दलदल आणि गळायला आलेली पिवळी टॅमरॅक झाडं. त्या दिवसाबद्दल एवढंच.

बाबा रेवदंड्याचे. कुंडलिकेच्या खाडीत त्यांनी साठ वर्षं गळ टाकलाय. एरवी उन्हाळ्यात येऊन सप्टेंबरात परत जातात, या वर्षी मी त्यांना फॉलपर्यंत, म्हणजे पानगळीपर्यंत, थांबवून घेतलं. पाणी गार होत जातं तसे एमराल्ड शायनर नावाचे बोटभर चंदेरी मासे सरोवरातून नदीत शिरतात आणि त्यांच्यामागे वॉलआय येतो. हिवाळ्याआधी तो पोटभर खाऊन घेतो. मोठा मासा मिळायचा हाच काळ, असं मी दहा वर्षं ऐकत आलो होतो.

थंडीबद्दल मी त्यांना नीट सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. पहाटे धक्क्याच्या फळ्यांवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. माझा जाड कोट त्यांना, दोन मोजे, कानटोपी, वरून लाइफ जॅकेट. या दिवसांत माणूस पाण्यात पडला तर हातपाय काही मिनिटांतच काम करेनासे होतात, त्यामुळे जॅकेट क्षणभरही काढायचं नाही, असं गाईडने दोनदा बजावलं. आणि मी काय केलं? "बाबा, तुम्ही मध्ये बसा, ऊब घ्या, रॉड मी धरतो," म्हणालो. सत्तर पार केलेल्या माणसाला मासा दाखवायला घेऊन आलो होतो, धरायला नाही. ते काही बोलले नाहीत. थर्मासचं झाकण उघडून चहा प्यायले.

नदी सरोवरात शिरते त्या लाइटहाऊस गॅपच्या बाहेर नांगर टाकला. खाली वीस-बावीस फूट पाणी, चहाच्या रंगाचं. दलदलीतून येतं म्हणून तसं. अशा पाण्यात सोनेरी रंग दिसतो, म्हणून जिग सोनेरी. जिग म्हणजे डोक्याला शिसं ओतलेला गळ. त्यावर एक मेलेला शायनर तोंडातून ओवायचा, तळापर्यंत सोडायचा आणि वीतभर वर उचलून जवळजवळ स्थिर धरायचा. उन्हाळ्यात वॉलआय झटका देतो. गार पाण्यात तो घाईत नसतो. येतो, आमिष तोंडात ओढून घेतो आणि तिथेच थांबतो. वर कळतं ते फक्त इतकंच की दोरी जराशी जड झाली.

तासाभरात माझं आमिष चार वेळा खाऊन गेला. मला एकदाही कळलं नाही. पाचव्या वेळी बाबा म्हणाले, "आण इकडे." त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी रीळच्या पुढची दोरी तर्जनीवर घेतली. खाडीत गळाची दोरी धरतात तशी. बोट लालबुंद झालं होतं. डोळे पाण्यावर नव्हते, रॉडवरही नव्हते. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग ते "लागलाय."

पहिला लहान निघाला. तो सॉगर होता, वॉलआयचा भाऊबंद. वॉलआयच्या शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, सॉगरला तो नसतो आणि पाठीच्या पंखावर काळे ठिपके असतात. बाबांना एकदाच सांगावं लागलं. दुपारपर्यंत त्यांनी सात मासे काढले, मी एक.

शेजारच्या होडीतल्या मंडळींना तेवढ्यात मोठा वॉलआय मिळाला. त्यांनी तो कल्ल्यात बोटं घालून उभा लटकवला आणि फोटो सुरू केले. आधी एकाने, मग दुसऱ्याने, मग सेल्फी. तोंड उघडमीट करत होता तो. मग पाण्यात टाकून दिला. बाबा बराच वेळ तिकडे बघत होते. "ठेवायचा तर ठेवा, सोडायचा तर सोडा," म्हणाले. "हे काय?" मला त्या माणसांचा इतका राग आला, की त्यांची होडी निघून गेली तरी मी तिकडेच बघत होतो.

सूर्य झाडांच्या रेषेला टेकला तेव्हा बाबांचा मोठा लागला. घाई केली नाही त्यांनी. तो खाली ओढत होता तेव्हा दोरी देत गेले, थांबला की गोळा करत गेले. गाईडने जाळं खाली घातलं तेव्हा अंधारत आलं होतं. त्याच्या डोक्यावरच्या दिव्याचा उजेड पडला आणि माशाचा डोळा पेटला. दिवसा दुधाळ दिसणारा डोळा, सकाळी "मोतीबिंदू झालाय का याला?" असं बाबांनी विचारलं होतं तो, आता विस्तवासारखा होता. डोळ्याच्या मागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे त्याला अंधारात आणि गढूळ पाण्यात इतरांपेक्षा चांगलं दिसतं. म्हणूनच तो संध्याकाळी शिकारीला निघतो.

"जिताडा," बाबा हळूच म्हणाले. "रात्री बत्तीत जिताड्याचा डोळा अस्साच."

पट्टीवर पंचवीस इंच भरला. गाईडने मान हलवली. इथल्या नियमाने साडेएकोणीस ते अठ्ठावीस इंचांमधला वॉलआय लगेच सोडावा लागतो. मी बाबांना सांगताना अडखळत होतो. पंचवीस इंचांचा जिताडा खाडीत परत सोडायला सांगितलं तर रेवदंड्यात काय होईल, ते मला माहीत आहे.

"का?" त्यांनी विचारलं.

बहुधा मादी आहे, गाईड म्हणाला. पोटात अंडी आत्ताच धरायला लागतात, हिवाळाभर वाढतात आणि वसंतात बर्फ फुटला की ती नदीत वर जाऊन घालते. मी मराठीत सांगितलं.

"मग बरोबर आहे. आपण पावसात होड्या वर ओढतो ते कशासाठी?"

मी फोन काढला होता. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. कोटाची बाही वर सरकवून दोन्ही हात कोपरापर्यंत त्या पाण्यात घातले, एक हात पोटाखाली, एक शेपटीजवळ, आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला. कल्ले एकदा हलले, दोनदा हलले. मग शेपटीचा एक फटका बसला आणि हात रिकामे झाले. म्हणून त्या माशाचा फोटो या पोस्टमध्ये नाही.

परतताना मी त्यांचे हात माझ्या कोटाच्या आत धरून बसलो होतो. बोटांत जीव यायला वेळ लागला. सकाळी त्यांना मध्ये बसवलं होतं त्याबद्दल मी माफी मागितली. "वारा फार आहे, तोंड मिट," म्हणाले.

केबिनच्या बाईंनी त्यांचे हात बघितले आणि न विचारता गरम पाण्याची बादली आणून ठेवली. रात्री चार सॉगर आणि माझा एकुलता वॉलआय तांदळाच्या पिठात घोळून तळला. मसाला बाबांनी बॅगेतून आणला होताच. मांस पांढरं, घट्ट, काटे अगदी कमी. बाबांच्या मते गोड आहे, पण खाऱ्या पाण्याची चव ती वेगळीच.

साडेनऊला त्यांनी गावी मित्राला फोन लावला. तिकडे सकाळचे आठ. मी भांडी घासत होतो.

"पावणेतीन वीत," बाबा सांगत होते. "नाही, खाल्ला नाही. सोडला. अरे, गाभोळी धरायला लागली होती. हो, जिवंत. माझ्या हातातून गेली."