जरबेराचे डबल्ड हॅप्लॉइड करताना: ५० की २५?

पीएचडीला जरबेरा घेतला तेव्हा मला वाटलेलं की फुलाचं काम आहे, छान होईल. बाजारात येणारा जरबेरा बहुतेक टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या) रोपांचा, त्याचं बी लावलं तर प्रत्येक रोप वेगळं निघतं. हायब्रिड बी करायचं तर आधी शुद्ध लाइन हवी, म्हणजे जिच्या बियांची सगळी रोपं सारखीच निघतात अशी, आणि त्यासाठी सेल्फिंग (रोपाचा पराग त्याच रोपाला) करत राहिलं तर पिढीगणिक रोपं मरतुकडी होत जातात. म्हणून हॅप्लॉइड. नेहमीच्या जरबेरात गुणसूत्रांचे दोन संच असतात, २५ अधिक २५, एकूण ५०. हॅप्लॉइड म्हणजे एकच संच असलेलं रोप, ते काढायचं आणि तो संच दुप्पट करायचा, की झालं डबल्ड हॅप्लॉइड, दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या!

१९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरींनी धोत्र्याच्या परागकोशातून भ्रूण मिळवले, परागकणात एकच संच असतो, त्यामुळे ती रोपं हॅप्लॉइड होती. ते वाचून मीपण परागकोशच लावले. कॅलस (पेशींचा नुसता गोळा) भरभरून आला, हिरवे कोंबपण आले, पण मुळांची टोकं अॅसिटोकार्मिन या रंगात रंगवून, स्लाइडवर अंगठ्याने दाबून मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रं मोजली तर ५०. दुसरं ५०. सगळी ५०. म्हणजे रोपं परागकणांतून नाही, परागकोशाच्या भिंतीतून आलेली. आठ महिने गेले होते, खूप वाईट वाटलं.

मग बीजांडांकडे वळलो, त्यांतल्या अंडपेशीतही एकच संच असतो. जरबेराचं एक फूल म्हणजे खरं तर कितीतरी बारीक फुलांचा गुच्छ, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या अंडाशयात एकच बीजांड. कळी पूर्ण उघडायच्या आत घ्यायची, लॅमिनारसमोर (गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर) बसून सुईने अंडाशय चिरायचं आणि साबुदाण्याहून कितीतरी बारीक तो पांढरा ठिपका न दुखावता मीडियावर (पोषक जेलीवर) ठेवायचा. कळीवर लव असते, तिच्यात बुरशी दडून बसते, त्यामुळे सुरुवातीच्या बॅचेस निम्म्याहून जास्त फेकल्या.

एका सकाळी एका रोपाची गुणसूत्रं मोजली तर २५. गाइड मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या परत मोज. परत २५, दुसऱ्या पेशीत पण २५. ते रोप बाकीच्यांपेक्षा बारीक, पानं अरुंद.

पुढे संच दुप्पट करायला कोल्चिसीन हे रसायन. ते पेशी विभागताना गुणसूत्रं ओढून नेणारे धागेच बनू देत नाही, म्हणून दुप्पट झालेला संच त्याच पेशीत राहतो. विषारी आहे, ग्लोव्हजशिवाय हात लावू नका, आणि अंधारात ठेवा. बरेच कोंब काळे पडून मेले, आणि जगलेल्यांतले बरेच अर्धवट निघाले, मुळात दुप्पट आणि पानात तसंच, म्हणून फक्त मूळ बघून खूश होऊ नका, पानाच्या खालची साल काढून पर्णरंध्रांच्या (पानाच्या श्वासछिद्रांच्या) रक्षक पेशींतली हरितलवकंही (हिरवे कण) मोजा, दुप्पट झालेल्यात ती ठळकपणे जास्त दिसतात.

हॅप्लॉइड रोपाला आलेल्या छोट्या फुलात पराग नव्हताच. दुप्पट झालेल्याचं पहिलं फूल उमललं तेव्हा मी मधल्या चकतीवर बोट हळूच फिरवलं आणि बोटाला पिवळा पराग लागला. त्याच दिवशी टॅग लावून पहिलं क्रॉसिंग केलं.