वऱ्हाड: सहा की सात

आमची शाळा हिंदी माध्यमाची, पूर्व नागपुरातली. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्याच शाळांत मराठी सक्तीची झाली आणि सहावीची मराठी माझ्याकडे आली. घरी छत्तीसगढी, गल्लीत हिंदी, बाजारात नागपुरी अशी ही मुलं. मराठी रोज कानावर पडते, लिहायची वेळ मात्र येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा संगणक खोलीत एका सॉफ्टवेअरवर श्रुतलेखन घेतो; मुलं ऐकून टाइप करतात, यंत्र ते माझ्या शब्दांच्या यादीशी जुळवतं. वाक्यं मी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करतो: एकदा सावकाश, एकदा तोडून, एकदा घरी बोलतो त्या वेगानं. मार्च लागला की कूलर लागतो आणि त्याच्या घरघरीत हेडफोनमधला 'ण' आणि 'न' एकच ऐकू येतो. तेवढी पंधरा मिनिटं कूलर बंद. मुलं घामानं निथळतात पण उठत नाहीत, कारण शब्द टाकल्याबरोबर हिरवं की लाल ते कळतं. वह्या तपासून हेच मी आठवड्यानं सांगितलं असतं.

हिंदी बोलणाऱ्या मुलाला सगळ्यात अडतो तो 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांतला अर्धा र. हिंदीच्या लेखनात तो नाहीच. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या, हे पटवायलाच आठवडा जातो. मग बोटांना शिकवायचं: इन्स्क्रिप्ट या कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबला की नुक्त्याचा ऱ, मग डी, तो हलंत, मग पुढचं अक्षर. महिनाभर हेच करून राहिलो होतो.

त्या शुक्रवारी वाक्य होतं, 'नवरीकडचे वऱ्हाड रात्री आले.' मागच्या रांगेतला एक मुलगा, वडील कळमना मार्केटमध्ये हमाली करतात, वर्षभर या अर्ध्या र शी झगडलेला. त्यानं 'वऱ्हाड' टाकलं. लाल. पुसून परत टाकलं. लाल.

"सर, मी बराबर टाकलो ना. पाहून घ्या."

मी पाहिलं. शब्द बरोबर दिसत होता. तरी म्हणालो, "नीट बघ, कुठं स्पेस पडली असेल." त्यानं आणखी दोनदा टाकलं. चार संधी संपल्या की यंत्र बरोबर उत्तर दाखवतं. दाखवलं: वऱ्हाड. खाली त्याचं लाल, वर यंत्राचं हिरवं, दोन्ही तंतोतंत सारखे.

"दोन्ही सेमच हायेत सर."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढं 'पुऱ्या' आलं, तेही लाल.

ज्यांच्याकडून हे सॉफ्टवेअर घेतलंय त्यांच्या मदत क्रमांकावर फोन केला. ते म्हणाले, विद्यार्थ्याची टायपिंगची चूक. शब्दाकडे न बघता म्हणाले. मराठी शिकवायला सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी 'ऱ्य' एकदाही तपासू नये, याचा राग अजून आहे.

शनिवारी दोन्ही शब्द एक्सेलमध्ये चिकटवले आणि लांबी मोजायचं सूत्र लावलं. मुलाच्या वऱ्हाडची लांबी ६, माझ्या यादीतल्याची ७. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, म्हणजे सांकेतांक, असतो; तो ठरवणाऱ्या युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन वाटांनी येतो. एक, ऱ आणि हलंत. ऱ चा सांकेतांक ०९३१. दुसरी जुन्या युनिकोडची, सुसंगतीसाठी अजून मान्य असलेली: साधा र, हलंत आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा एक जोडक, झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर काडीचा फरक नाही, पण यंत्र आकृती बघत नाही, सांकेतांक जुळवतं. सारखी दिसणारी रूपं एक करणाऱ्या युनिकोडच्या प्रमाणीकरणातही या दोन वाटा एक होत नाहीत. माझी यादी जुन्या फॉन्टमधली, कन्व्हर्टरमधून काढलेली. जोडक तिथूनच आला होता. मुलानं मी शिकवलं तेच केलं होतं. 'ॲ' चंही असंच: २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतंत्र सांकेतांक मिळाला, पण अ वर चंद्र ठेवूनही तो लिहिता येतो. रात्रीपर्यंत बसून अशा प्रत्येक शब्दाची दोन्ही रूपं यादीत घातली.

सोमवारी वहीत श्रुतलेखन घेतलं. त्या मुलाच्या वाक्यांत तीन जागा कोऱ्या होत्या, शब्द मावेल एवढ्या: वऱ्हाड, पुऱ्या, दऱ्या. 'दऱ्या' तर शुक्रवारी नव्हताही. अर्धा र ऐकू आला की त्यानं पेन उचललं होतं.

मधल्या सुट्टीत त्याला खोलीत नेलं, सहा आणि सात दाखवले, लपलेला जोडक दाखवला. म्हटलं, तुझं बरोबर होतं, माझी यादी चुकली आणि मी तुझ्या शब्दाऐवजी लाल रंगावर विश्वास ठेवला. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला.

"मंग तो लाल अजून माझ्याच नावावर हाये काय सर?"

जुना निकाल बदलायची सोय त्यात नाही. मी हो म्हणालो. त्याच्यासमोर वही उघडून तिन्ही कोऱ्या जागा त्याच्याकडून भरून घेतल्या आणि खाली तारीख घालून सही केली. याच यादीवर याआधीच्या दोन तुकड्या होऊन गेल्या आहेत. ती मुलं आता दुसऱ्या शाळांत आहेत, आणि त्यांच्यातलं कोण अर्धा र आला की पेन उचलतं, हे मला कळायचा मार्ग नाही.