डावी बाजू वर

जपानमधल्या मुक्कामात खोलीत चहा घेऊन आलेल्या आजी माझ्याकडे बघून थबकल्या. पुढे येऊन त्यांनी माझ्या युकाताचा, म्हणजे तिथल्या सुती झग्याचा, पट्टा सोडला, उजवी बाजू आत घेतली, डावी वर. पट्टा पुन्हा बांधला, वाकून हसल्या आणि गेल्या.

आतामी. टोकियोहून शिनकान्सेन या बुलेट ट्रेनने पाऊण तास. खिडकीत सागामीचा उपसागर, खाली गरम पाण्याची कुंडं. दोन दिवस नुसतं डुंबले, झोपले. तरी मनात राहिल्या त्या आजीच.

कारण नंतर कळलं. उजवी बाजू वर घेतात ती फक्त मृताच्या अंगावर. आपल्याकडे श्राद्धात जानवं अपसव्य करतात ना, तसंच काहीसं.

माझी आजीही अशीच न बोलता पदर सारखा करायची.

तुम्हाला परमुलखात कुणी असं सावरलंय?