तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रँक राईकच का?

आमच्याकडे इंडियानापोलिसला भारतातून कोणी आलं आणि नेमका रविवार असला की टीव्हीवर फुटबॉल लागलेलाच असतो, अमेरिकन, हातात धरून पळायचा तो, आणि चहा होता होता माझी गाडी फ्रँक राईकवर येतेच. मग प्रश्न. अगं, ब्रेडी आहे, मॅनिंग आहे, एवढे मोठे स्टार सोडून तू या माणसाचं काय घेऊन बसलीयेस, खेळाडू म्हणून जन्मभर बाकावर आणि कोच म्हणून दोनदा सीझनच्या मध्येच काढून टाकलेला? इथले मित्रमैत्रिणीही हेच विचारतात. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी बॅकअप क्वार्टरबॅक म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं तिथेच आहे. क्रिकेटमधला बारावा गडी निदान पाणी घेऊन आत जातो, कोणाला लागलं तर फिल्डिंग करतो. याला तेही नाही. क्वार्टरबॅक म्हणजे टीमची चाल चालवणारा, पास फेकणारा खेळाडू, तो एकच खेळतो, प्रत्येक प्ले, म्हणजे प्रत्येक चाल, त्याच्या हातून जातो, आणि तो धडधाकट आहे तोवर दुसऱ्याने क्लिपबोर्ड घेऊन कडेला उभं राहायचं, समोरच्या डिफेन्सने आत्ता काय केलं ते बघायचं आणि स्टार्टर बाहेर आला की त्याला सांगायचं. प्रॅक्टिसमध्येही मेन टीमबरोबरचे बहुतेक प्ले स्टार्टरलाच, बॅकअप काय करतो तर येत्या रविवारी समोर जो क्वार्टरबॅक येणार त्याची भूमिका करतो, आपल्या डिफेन्सला सराव व्हावा म्हणून. म्हणजे दर आठवड्याला एका नव्या माणसाच्या डोक्यातून खेळ बघायचा. मला विचाराल तर हे कोचिंगच आहे, फक्त अंगावर जर्सी असते.

राईकने हे एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, १४ सीझन केलं. १९८५ साली बफेलो बिल्सने त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, तिसऱ्या राउंडमध्ये घेतलं, पुढच्याच वर्षी तिथे जिम केली हा क्वार्टरबॅक आला आणि स्टार्टरची जागा संपली. पण १९९२ च्या सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये केलीचा गुडघा दुखावला आणि ३ जानेवारी १९९३ ला ह्यूस्टन ऑयलर्सविरुद्ध प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, राईक उतरला. हाफटाइमला २८-३ ने मागे. तिसरा क्वार्टर सुरू होतो न होतो तोच त्याचा पास ऑयलर्सच्या बबा मॅकडॉवेलने पकडला आणि थेट टचडाउन, म्हणजे बॉल घेऊन शेवटच्या रेषेपार, ३५-३. स्टेडियमची तिकिटं संपली नव्हती म्हणून खुद्द बफेलोमध्ये मॅच टीव्हीवर दाखवत नव्हते, आणि जे आले होते त्यातलेही कितीतरी लोक उठून घरी निघाले. आता यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट, बिल्सचा तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक गेल गिल्बर्ट, म्हणजे बॅकअपचाही बॅकअप, त्याने राईकला आठवण करून दिली की तू कॉलेजात हे केलंयस. आणि खरंच केलं होतं! १९८४ मध्ये मेरीलँडकडून मायामीविरुद्ध हाफटाइमनंतर उतरून, ०-३१ वरून ४२-४०. तेव्हाही खांद्याच्या दुखापतीमुळे स्टार्टरची जागा गेलेलीच होती. तर इकडे सात मिनिटांच्या आत चार टचडाउन, बिल्सच्या आंद्रे रीडला एकामागून एक टचडाउनचे तीन पास, शेवटी ओव्हरटाइममध्ये स्टीव्ह क्रिस्टीचा फील्ड गोल, म्हणजे किक मारून केलेला गोल, आणि ४१-३८. ३२ पॉइंटनी मागे पडून जिंकलेली मॅच, एनएफएलमधला तेव्हाचा रेकॉर्ड. पुढच्या आठवड्यात पिट्सबर्गविरुद्धची मॅचही त्यानेच जिंकून दिली, त्यानंतर केली बरा झाला आणि राईक परत कडेला, हातात क्लिपबोर्ड. मी इथेच त्याच्या प्रेमात पडले.

मधली वर्षं पटकन सांगते. १९९५ मध्ये नव्या कॅरोलायना पँथर्सचा पहिलावहिला स्टार्टर, तीन मॅच, तिन्ही हरल्या. मग जेट्स, लायन्स. खेळ सोडल्यावर शार्लटच्या एका धर्मशास्त्र विद्यालयाचा अध्यक्ष. कोचिंगमध्ये आला तो पंचेचाळिशीच्या आसपास, कोल्ट्सकडे, म्हणजे आमच्या इंडियानापोलिसच्या टीमकडे, खालच्या पायरीपासून.

फिलाडेल्फिया ईगल्सचा २०१७ चा सीझन मात्र थांबून बघण्यासारखा आहे. हेड कोच डग पीडरसन, जो स्वतः वर्षानुवर्षं ब्रेट फाव्ह या नावाजलेल्या क्वार्टरबॅकचा बॅकअप होता. ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर राईक. डिसेंबरमध्ये स्टार्टर कार्सन वेंट्झचा गुडघा गेला आणि बॅकअप निक फोल्स आत आला. लोकांना वाटलं संपलं. अहो, पण त्या टीममध्ये फोल्सच्या मनात काय चाललंय हे आतून माहीत असलेली दोन माणसं होती! ४ फेब्रुवारी २०१८ ला मिनियापोलिसमध्ये त्यांनी ब्रेडीच्या पेट्रिअट्सना ४१-३३ ने हरवलं, फोल्स एमव्हीपी, म्हणजे मॅचचा सर्वोत्तम खेळाडू, आणि ईगल्सने जिंकलेला पहिला सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल. बॅकअप लोकांना नशिबाने मिळतं म्हणणाऱ्यांना मी ही मॅच बघायला सांगते.

आठवडाभरात तो आमच्याकडे हेड कोच म्हणून आला, तोही दुसरी पसंती, कारण आधी ठरलेल्या कोचने आयत्या वेळी नकार दिला. बॅकअपची भूमिका मला मानवते असं तो तेव्हा स्वतःच म्हणाला. पहिल्याच सीझनला ह्यूस्टनविरुद्ध ओव्हरटाइममध्ये, बरोबरी पदरात असताना, आपल्याच ४३ यार्डवर चौथ्या डाउनला, म्हणजे बॉल पुढे न्यायच्या शेवटच्या प्रयत्नाला, किक मारून बॉल लांब धाडायचा सोडून तो खेळायला गेला, जमलं नाही, मॅच हरलो. मी चिडले होते. तो म्हणाला, १० पैकी १० वेळा हेच करीन. एक जिंकली, पाच हरल्या, १-५ अशी सुरुवात होती आमची, आणि सीझन संपला १०-६ वर. खेळाडूंनी त्याच्यावर विश्वास का टाकला हे मला त्या वाक्यात कळलं.

पुढचं मला सहज लिहिता येत नाही. २४ ऑगस्ट २०१९ ला आमचा स्टार्टर क्वार्टरबॅक अँड्र्यू लकने, वय २९, सीझनला दोन आठवडे असताना निवृत्ती घेतली, दुखापती आणि रिहॅबला कंटाळून. त्यानंतर ब्रिसेट, रिव्हर्स, वेंट्झ, रायन, लक धरून पाच सीझनच्या पाच पहिल्या मॅचना पाच वेगळे क्वार्टरबॅक. ज्याचं कामच एका माणसाला तयार करायचं, त्याच्या हातातला माणूस दरवर्षी बदलत होता. त्याचीही चूक आहे, वेंट्झसाठी आग्रह त्याचाच होता, आणि २०२१ ला फक्त दोन मॅच जिंकलेल्या जॅक्सनविलकडून शेवटची मॅच हरून प्लेऑफ गेला, हे कोचच्याच नावावर जाणार. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला काढलं. सहा आठवड्यांनी, १७ डिसेंबरला, आम्ही हाफटाइमला ३३-० ने पुढे आणि मिनेसोटाने ओव्हरटाइममध्ये ३९-३६ ने हरवलं. राईकचा ३० वर्षांचा तो ३२ पॉइंटचा रेकॉर्ड मोडला तो आमच्याच टीमविरुद्ध, ईगल्सने तो सुपर बोल जिंकला त्याच स्टेडियममध्ये, आणि मिनेसोटाचा कोच केव्हिन ओ'कॉनेल, तोही जुना बॅकअप क्वार्टरबॅक. मी बराच वेळ टीव्ही बंद केला नाही.

पँथर्सने त्याला २०२३ ला हेड कोच केलं आणि १-१० झाल्यावर काढलं. मला वाटलं आता झालं.

मग मार्च २०२५ मध्ये स्टॅनफर्ड कॉलेजला ऐन वेळी कोच हवा होता. तिथे फुटबॉलचा जनरल मॅनेजर कोण, तर अँड्र्यू लक. सीझनच्या तोंडावर ज्याला सोडून गेला होता त्याच माणसाला त्याने बोलावलं, आणि राईक एका सीझनपुरता हंगामी कोच म्हणून गेला.