मागचं दार लागेना तेव्हापासून

आमच्या जुन्या सर्व्हर रूममधल्या रॅकला, म्हणजे सर्व्हर बसवायच्या उभ्या कपाटाला, मागचं दार होतं, पण ते भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं. रॅक ८०० मिमी खोल. त्यात ७६० मिमीचा सर्व्हर बसला, पण मागे प्लग आणि केबल बाहेर आल्या की दार लागेना, म्हणून ते काढूनच ठेवलं. मग एक दिवस साफसफाई करताना कुणाचा तरी खांदा लागून पॉवर केबल निसटली आणि भर दुपारी सगळं काम थांबलं. दोष त्या माणसाचा नव्हता. रॅक घेताना त्याची खोली कुणी मोजलीच नव्हती.

पुढे ऑफिस नव्या इमारतीत हलायचं ठरलं. एक सर्व्हर रूम आणि तीन मजल्यांवर तीन छोट्या नेटवर्क खोल्या होत्या. रॅक निवडायचं काम मी मागून घेतलं.

सुरुवात कॅटलॉगपासून केली नाही, सामानाची यादी केली. प्रत्येक वस्तूपुढे पाच गोष्टी लिहिल्या : किती यू (रॅकमधलं उंचीचं माप), खोली किती, वजन किती, हवा कुठून आत घेते नि कुठून सोडते, आणि प्लग कोणता. यू सगळेच मोजतात, कारण ते सोपं आहे. १ यू म्हणजे ४४.४५ मिमी, रॅक ४२ यूचा, बेरीज केली की झालं. खरी फसगत होते ती खोलीत. सर्व्हरच्या माहितीपत्रकात फक्त डब्याची खोली असते. मागे प्लग, केबलचं वळण आणि पीडीयू (रॅकमधली वीज वाटणारी प्लगपट्टी) यांना निदान १५० ते २०० मिमी लागतात, पुढे फायबर केबल दारावर दाबली जाऊ नये म्हणून आणखी ७५ तरी. आमची बेरीज हजाराच्या पुढे गेली. १०७० मिमीचा रॅक कसाबसा पुरला असता, पण मी १२०० चा धरला.

रॅक वाढला तेवढी समोरची वाट कमी झाली, आणि सर्व्हर रेल्सवर पूर्ण बाहेर ओढायला समोर जागा लागतेच. शेवटी जमिनीवर खडूने रॅक आखले, त्यांची दारं आखली आणि आम्ही दोघं त्या रेघांमधून रिकामं खोकं उचलून फिरलो. मागे एकसंध दार घेतलं असतं तर ते उघडताच वाट अडली असती, म्हणून दोन झडपांचं घेतलं. ते कागदावर कधीच सुचलं नसतं.

रुंदीबद्दल एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. रॅकला १९ इंची म्हणतात, पण १९ इंच हे माप आतल्या उपकरणाच्या दर्शनी पट्टीचं आहे, कपाटाचं नाही. कपाट बाहेरून ६०० मिमीचंही मिळतं आणि ८०० चंही. सर्व्हरला ६०० पुरतं. पण जिथे पॅच पॅनलमधून (केबल जोडायच्या खाचांची पट्टी) शेकडो केबल उतरतात तिथे दोन्ही बाजूंना उभी जागा हवी, म्हणून नेटवर्कचा रॅक ८०० चा घेतला. शिवाय आमचा मोठा नेटवर्क स्विच हवा एका कुशीतून घेऊन दुसऱ्या कुशीतून सोडणारा होता. ६०० च्या कपाटात त्याचा श्वास कोंडला असता.

दारावरून बराच वाद झाला. काचेचं दार देखणं दिसतं आणि ते सगळ्यांना हवं होतं. पण सर्व्हर समोरून थंड हवा ओढतात आणि मागे गरम सोडतात. मधे काच आली की ती हवा येणार कुठून? मी जाळीच्या दारावर अडून बसलो, मागे आणि पुढे दोन्हीकडे. रिकाम्या यूंवर झाकणपट्ट्याही मागवल्या, नाहीतर मागची गरम हवा त्या फटींतून वळून पुन्हा समोर येते. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांच्या दरम्यान तापमान राखायचं असेल तर या पत्र्याच्या पट्ट्या फार मोलाच्या आहेत.

नेटवर्क खोल्यांचं गणित निराळं. दोन खोल्यांना कुलूप होतं, तिथे दार-पत्र्यांचं काय काम? दोन खांबांचा उघडा रॅक जमिनीत बोल्ट मारून बसवला. दोन्ही बाजूंनी हात पोचतो, हवा मोकळी. मात्र यूपीएससारखी जड वस्तू अशा रॅकवर पुढच्या कानांवर (बोल्ट मारायच्या पट्ट्यांवर) लटकवायची नाही. ती आम्ही खाली वेगळ्या स्टँडवर ठेवली. तिसऱ्या खोलीत बादल्या आणि पुसणी ठेवायचे, लोकांची ये-जा होती. तिथे भिंतीवरचं बंद कपाट घेतलं, तेही बिजागरीवर पुढे वळणारं, कारण साध्या कपाटात एकदा पॅच पॅनल बसलं की त्याच्या पाठीशी हात जात नाही. भिंत पोकळ निघाली. मागे जाड प्लाय लावून तो आतल्या चौकटीला धरला, मगच कपाट टांगलं.

वजनाचा आकडा विचारताना दोन वेळा विचारावं. कॅटलॉगमध्ये ठळक छापलेला आकडा बहुधा रॅक पायांवर स्थिर उभा असतानाचा असतो. चाकांवर ढकलताना पेलणारं वजन त्याहून कमी असतं. आम्ही रॅक रिकामे जागेवर नेले, पाय टेकवून पाणसळ लावली, मग खालून वर भरले. त्याआधी लिफ्टच्या दाराची उंची मोजली होती. ४२ यूचा रॅक साधारण दोन मीटर उंच, वर पॅकिंगचा लाकडी पाट. तो उभा आत जाणार नव्हता, म्हणून पॅकिंग खालीच उघडायचं आधीच ठरलं होतं.

भोकांबद्दलही सांगतो. आटे पाडलेल्या भोकांचे आटे कालांतराने झिजतात, मग तो खांबच वाया जातो. चौकोनी भोकांत केज नट (भोकात अडकवायचा सुटा नट) बदलता येतो, म्हणून मी चौकोनीच घेतली. एका यूत तीन भोकं असतात आणि त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं : १५.८७५, १५.८७५ आणि मग १२.७ मिमी. त्या कमी अंतराच्या मधोमध एक यू संपून दुसरा सुरू होतो. सोबतच्या मुलाने पहिलं पॅनल एक भोक वर लावलं आणि वरचा स्विच बसेना. तेव्हा त्याचं बोट त्या दोन अंतरांवरून फिरवून दाखवलं, त्यानंतर तो चुकला नाही. नटचे कानही आडवे, डावी-उजवीकडे अडकवायचे. वर-खाली अडकवले की वजनाने निसटू शकतात. यूचे आकडे पुढच्या आणि मागच्या दोन्ही खांबांवर छापलेले हवेत, हे ऑर्डरमध्येच लिहिलं होतं.

अर्थिंगचं काम इलेक्ट्रिशियनने केलं. रंगाच्या थरावर नुसता बोल्ट आवळून नीट जोड मिळत नाही, म्हणून रंग कापणारे वॉशर लावले आणि प्रत्येक दारालाही वायर जोडली.

सगळं भरून झाल्यावर मी मागच्या झडपा लोटल्या आणि जाळीतून पाहिलं. प्लग आणि दार यांच्यात पुरता हात मावेल एवढी जागा होती. किल्ल्या मात्र सगळ्या कपाटांना एकच निघाल्या, ती कुलुपं दुसऱ्याच दिवशी बदलून घेतली.